पीडी-एल-वन ८० टक्के आलं, तरी इम्युनोथेरपी लगेच दिली नाही: फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकरण अभ्यास

पीडी-एल-वन म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन, ते जास्त असलं की इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, सहसा सुचवतात. हे लिहायला पेशंटची आणि घरच्यांची परवानगी आहे. नाव, गाव, हॉस्पिटलं काढून टाकलीयत, वयात आणि महिन्यांत थोडा फेरफार केलाय. मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना फाईल लावून देणं, सेकंड ओपिनियनची अपॉइंटमेंट, योजनांचे कागद ह्या कामात मदत करते, त्यामुळे ही फाईल पहिल्या एक्सरेपासून माझ्या हातात आली. कुणाला कुठलं औषध द्यायचं हे इथे वाचून ठरवू नका, फक्त निर्णय कुठे कुठे अडला आणि कुठे चुकता चुकता राहिला ते बघा.

पार्श्वभूमी

पेशंटला काकू म्हणूया. वय ४८, सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, घरची थोडी द्राक्षबाग आणि सीझनला दुसऱ्यांच्या बागेत विरळणीचं काम. बिडी-सिगारेट कधी नाही. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास कोरडा खोकला सुरू झाला, सगळ्यांनी धरून चाललं की फवारणीचं औषध बाधलं असणार. गावच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, मग अँटिबायोटिक, मग दम लागायला लागला तेव्हा एक्सरे, आणि उजव्या बाजूला छातीत पाणी.

पाणी काढलं, थोडं तपासायला पाठवलं. एडीए (टीबीचा संशय वाढवणारं एक एन्झाइम) जरा वाढलेलं, टीबीची सीबीनॅट टेस्ट निगेटिव्ह, तरी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. आता ह्यात त्या डॉक्टरांवर तुटून पडण्यात अर्थ नाही, आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचाच घेतात आणि बऱ्याचदा तो खराही निघतो. काकूंची लघवी लालसर व्हायला लागली तर घरचे खूश, गोळी लागू पडतेय म्हणून (ती त्या गोळीमुळे सगळ्यांचीच होते). पण दोन महिन्यांत वजन आणखी सहा किलो उतरलं आणि पाणी परत भरलं. तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात गाठ, फुफ्फुसाच्या आवरणावर दाणे, छातीच्या मधल्या लिम्फच्या गाठी सुजलेल्या. सीटी बघत सुईने बायोप्सी केली. रिपोर्ट: अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, आणि टीटीएफ-वन ही रंगाची टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे तो फुफ्फुसातूनच सुरू झालेला. पेट स्कॅनमध्ये लिव्हर आणि कमरेच्या मणक्यात पण दिसला. चौथी स्टेज.

अजून एक गोष्ट, जी पुढे महत्त्वाची ठरली. काकू सकाळी मिश्री लावायच्या, आमच्याकडच्या त्यांच्या वयाच्या निम्म्या बायका लावतात. केसपेपरवर त्याची नोंद झाली "तंबाखू: होय". बस्स, एवढंच. पुढच्या प्रत्येक टेबलावर ती ओळ वाचून समोरचा मान हलवायचा आणि पुढे जायचा. मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो, ती चांगली नाहीच, पण वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेलं फुफ्फुस आणि मिश्री लावणाऱ्या बाईचं फुफ्फुस ह्यात फरक आहे, आणि तो फरक त्या एका शब्दात पुसला गेला.

अडचण

बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) दोन तपासण्या सांगितल्या होत्या, ईजीएफआर ह्या जीनमधला बिघाड (म्युटेशन) आणि पीडी-एल-वन. ईजीएफआर निगेटिव्ह आलं. पीडी-एल-वन ८० टक्के. आणि मग केसपेपरवर हाताने लिहिलेली एक ओळ, मी ती स्वतः वाचली: "म्युटेशन निगेटिव्ह, पीडी-एल-वन हाय, इम्युनो सुरू करणे".

म्हणजे एक जीन बघितला होता आणि कागदावर सगळेच निगेटिव्ह झाले होते.

मागे काय शास्त्र आहे ते थोडक्यात सांगते, कारण घरच्यांना हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात काही वेळा एकच बिघडलेला जीन सगळी गाडी चालवत असतो. ईजीएफआर सगळ्यात ओळखीचा, भारतात ह्या प्रकारच्या साधारण पाव पेशंटमध्ये किंवा थोड्या जास्तच सापडतो. त्यानंतर एएलके, जगभरात ३ ते ५ टक्के, आणि तो जास्त करून तरुण किंवा पन्नाशीच्या आतल्या, सिगारेट न ओढलेल्या लोकांत. मग आरओएस-वन, बीआरएएफ, आरईटी, एमईटी, एचईआर-टू, एनटीआरके, केआरएएस असे अजून. ह्यातल्या बऱ्याच जीनवर गोळी आहे. एएलकेची ही भानगड फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जपानी शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये शोधली आणि २०११ मध्ये अमेरिकेत पहिली गोळी, क्रिझोटिनिब, मंजूर पण झाली, कॅन्सरच्या दुनियेत एवढ्या पटकन सहसा काही होत नाही.

आता पीडी-एल-वन. ते ५० टक्क्यांच्या वर असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध केमोपेक्षा सरस ठरलं, २०१६ च्या कीनोट-०२४ ट्रायलमध्ये. हे खरं आहे. पण त्या ट्रायलमध्ये ईजीएफआर आणि एएलके वाले पेशंट घेतलेच नव्हते. आणि गंमत अशी की एएलके वाल्या गाठींमध्ये पीडी-एल-वन बऱ्याचदा चढलेलंच दिसतं, आणि औषध मात्र चालत नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या इम्युनोटार्गेट नावाच्या नोंदणीत एएलकेचे २३ पेशंट होते, इम्युनोथेरपी एकट्याने दिली तेव्हा त्यातल्या एकाचीही गाठ मोजण्याइतकी आकसली नाही. म्हणजे ८० हा आकडा बघून हुरळून जायच्या आधी एएलके निगेटिव्ह आहे ना हे बघणं भागच होतं.

मग बघितलं का नाही? कारण टिश्यू. सुईने काढलेले शेवईच्या तुकड्याएवढे तीन-चार दोरे, ते फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, मग मेणात बसवून ब्लॉक करतात आणि त्याचे पातळ पातळ काप घेऊन प्रत्येक टेस्ट होते. पहिल्या लॅबने कॅन्सर कुठून आला हे शोधायला रंगांच्या टेस्टची भली मोठी यादी केली, फुफ्फुस, ब्रेस्ट, आतडं, ओव्हरी सगळं. वास्तविक टीटीएफ-वन आणि पी-४० ह्या दोनच टेस्टवर बऱ्याचदा भागतं. मग ईजीएफआरसाठी काप गेले, पीडी-एल-वनसाठी गेले, आणि रिपोर्टच्या दुसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात ओळ आली की पुढील तपासणीसाठी उरलेला टिश्यू अपुरा वाटतो. ते दुसरं पान घरच्यांकडच्या झेरॉक्समध्ये नव्हतंच.

आणि ह्याच काळात छातीतून दोनदा मिळून दीड-दोन लिटर पाणी काढून मोरीत ओतलं होतं, त्यातलं तपासायला गेलं ते २०-२५ मिली. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी पोहत होत्या.

समोरचे पर्याय

काकूंचा मुलगा फोनवर: "मॅडम, इथले डॉक्टर म्हणतायत सोमवारीच पहिला डोस देऊ. आप्पा पैसे घेऊन आलेत. काय करू?" आप्पा म्हणजे त्याचे चुलते, घरातले कर्ते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "थांबायचं कशाला? दुखणं थांबतंय का?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते माझं कामही नव्हतं. पण पुण्यात एका मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट शनिवारची मिळत होती, ती घेतली. सोमवार काही पळून जात नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न काकूंना विचारला, "सिगारेट, बिडी?" काकू म्हणाल्या, "अगं बाई, मी कशाला ओढतेय? मिश्री लावते तेवढी." डॉक्टरबाईंनी तंबाखूच्या ओळीवर रेघ मारली आणि नीट लिहिलं. मग त्यांनी घरच्यांपुढे जे मांडलं ते असं.

पहिला रस्ता, सोमवारी पेम्ब्रोलिझुमॅब, एकटं किंवा केमोबरोबर. पटकन सुरुवात होते, घरच्यांना काहीतरी चालू झाल्याचं समाधान. पण एकेक डोस लाखांच्या घरात, आणि नंतर एएलके किंवा दुसरा जीन निघाला तर पंचाईत, कारण हे औषध एकदा शरीरात गेलं की आठवडे, कधी महिने काम करत राहतं. त्याच्या पाठोपाठ टार्गेटेड गोळी (बिघडलेल्या जीनवरची) दिली की त्रास वाढू शकतो, ईजीएफआरच्या ऑसिमर्टिनिबबरोबर फुफ्फुसाला सूज, एएलकेच्या क्रिझोटिनिबबरोबर लिव्हर बिघडणं, हे नोंदलेलं आहे. दिलेला डोस काढून घेता येत नाही.

दुसरा रस्ता, नुसती केमो, कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड, इम्युनो बाजूला ठेवून. रिपोर्ट आला की त्याप्रमाणे वळण घ्यायचं. पेशंट खूप घसरत असेल तर हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग असं त्या म्हणाल्या.

तिसरा, काहीही सुरू न करता पूर्ण एनजीएस पॅनल (सगळे जीन एकदम बघणारी टेस्ट) येईपर्यंत थांबायचं. दोन ते तीन आठवडे. दम लागलेल्या पेशंटला ते झेपेलच असं नाही.

आणि तपासणीतही पर्याय होते. एएलकेसाठी ब्लॉकवर रंगाची टेस्ट, डी-५-एफ-३ नावाची, दोन-चार दिवसांत येते आणि काही हजारांत होते, त्यात ठळक पॉझिटिव्ह आलं तर गोळी सुरू करायला तेवढं पुरतं. एनजीएस म्हणजे सगळे जीन एकदम, पण टिश्यू चांगला लागतो, वेळ लागतो, पैसे बरेच जास्त. लिक्विड बायोप्सी म्हणजे रक्तातून, आठवडा-दहा दिवसांत, टिश्यू लागत नाही, पण निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही, कारण काही गाठी रक्तात डीएनए सोडतच नाहीत. आणि परत बायोप्सी. ती कल्पना काकूंनी लगेच मोडीत काढली, पहिल्या वेळी सुई घालताना त्या एवढ्या घाबरल्या होत्या की नंतर रात्रभर कूस बदलली नाही.

मुलाने विचारलेला एक प्रश्न मला फार योग्य वाटला. "समजा थांबलो आणि काहीच नाही निघालं तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या, तर तुमचं आठवडाभर गेलं आणि इम्युनो मोकळ्या मनाने देता येईल, ती वाया नाही जाणार.

काय केलं

मधला रस्ता निघाला आणि माझ्या मते तो ह्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय. थांबायचं, पण मुदत लावून. दहा दिवसांत उत्तर आलं तर ठीक, नाही तर अकराव्या दिवशी इम्युनोशिवाय केमो. आणि त्याच दिवशी बी-१२ चं इंजेक्शन आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चालू केली, कारण पेमेट्रेक्सेड द्यायच्या आधी साधारण आठवडाभर ती चालू असावी लागते. म्हणजे केमो द्यायची वेळ आलीच तर तयारीत दिवस जाणार नव्हते. हे ऐकल्यावर आप्पांचा आवाज खाली आला, आपण नुसते बसलेलो नाही हे त्यांना दिसलं.

दम कमी करायला पाणी काढायचंच होतं. ह्या वेळी काढलेलं जवळपास सव्वा लिटर सगळंच्या सगळं लॅबला गेलं, सेल ब्लॉक करायला. सेल ब्लॉक म्हणजे पाणी फिरवून तळाला बसलेल्या पेशी गोळा करायच्या आणि बायोप्सीसारख्याच मेणात बसवायच्या. दुसरीकडे मुलगा जुना ब्लॉक आणायला पहिल्या लॅबमध्ये गेला. इथे एक माहिती, रिपोर्ट आपोआप मिळतो, ब्लॉक मागावा लागतो. अर्ज, पेशंटच्या आधारची झेरॉक्स, रजिस्टरवर सही, आणि "उद्या या, सर नाहीयेत". शेवटी अंगठ्याएवढी एक प्लॅस्टिकची जाळी, त्यात मेण आणि मेणात खसखशीच्या दाण्याएवढा करडा ठिपका. मुलाने फोटो पाठवून विचारलं, "मॅडम, एवढंच?" एवढंच.

त्या जुन्या ब्लॉकमधून काही निघालं नाही, उरलेला भाग बहुतेक मेलेल्या पेशींचा होता. पण पाण्याच्या सेल ब्लॉकमध्ये पेशी भरपूर होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी एएलके ठळक पॉझिटिव्ह आलं.

मधल्या काळात डोक्याचा एमआरआय पण करून घेतला होता, जो आधी कुणी सांगितलाच नव्हता कारण काकूंना डोकेदुखी नव्हती. पेट स्कॅनमध्ये मेंदूतलं बारीकसारीक नीट कळत नाही. तीन छोटे ठिपके निघाले. एएलके वाल्यांमध्ये मेंदूत जायचं प्रमाण जास्त असतं, म्हणून लक्षण नसलं तरी एमआरआय हवाच होता. त्याचा औषध निवडण्यावर सरळ परिणाम झाला. क्रिझोटिनिब मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. राहिली अलेक्टिनिब किंवा लोरलॅटिनिब. अलेक्स नावाच्या ट्रायलमध्ये आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या पेशंटचा एवढा किंवा जास्त) अलेक्टिनिबवर ३४.८ महिने आणि क्रिझोटिनिबवर १०.९ महिने होता. लोरलॅटिनिबच्या क्राउन ट्रायलमध्ये पाच वर्षांनी ६० टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता, तो आकडा बघून मुलगा म्हणाला मग हेच द्या ना. पण तिचे कोलेस्टेरॉल, अंगावर सूज, वजन, आणि मूड-विसरण्याचे त्रास असतात, काकूंना आधीपासून रात्री झोप नव्हती आणि घाबरेपणा होता, आणि गावाकडे त्याच्यावर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं. अलेक्टिनिब ठरली. लोरलॅटिनिब पुढे लागली तर हातात राहील हाही विचार होता. मेंदूचे ठिपके लहान आणि त्रास नाही म्हणून रेडिएशन लगेच न देता गोळीवरच बघायचं ठरलं.

पैशाचं सांगते. योजनेच्या काउंटरवर केमोचं पॅकेज लगेच समजावलं, ह्या गोळीचं तिथे जमलं नाही. कंपनीच्या पेशंट असिस्टन्स प्रोग्रामचे कागद भरले, उत्पन्नाचा दाखला तलाठ्यापासून सुरू करून तहसीलपर्यंत, आणि पहिल्या महिन्याची सोय आप्पांनी इम्युनोसाठी आणलेल्या पैशातून झाली.

निकाल

सकाळी चार, रात्री चार कॅप्सूल, जेवणाबरोबर. तिसऱ्या आठवड्यात काकू उशी एकच घेऊन झोपायला लागल्या, आधी तीन लागायच्या. दोन महिन्यांच्या स्कॅनमध्ये छातीची गाठ निम्म्याहून कमी, पाणी परत भरलं नव्हतं, मेंदूतले दोन ठिपके दिसेनासे आणि एक अगदी बारीक. सेल ब्लॉकवरचा एनजीएसचा रिपोर्ट गोळी सुरू झाल्यावर आला, त्यातही ईएमएल-फोर-एएलकेच (म्हणजे हे दोन जीन एकमेकांना जोडले गेलेले) निघालं, दुसरं काही नाही.

त्रास झालाच नाही असं नाही. बद्धकोष्ठता, पोटऱ्या आणि मांड्या दुखणं, रक्तात सीपीके (स्नायूंमधलं एक एन्झाइम) वाढलेलं, मध्ये एकदा डोस थोडा कमी करावा लागला. आणि ऊन. ह्या गोळीवर कातडी उन्हाने पटकन भाजते, हे सांगितलं होतं, तरी बरं वाटायला लागल्यावर काकू बागेत गेल्या आणि हात-मान लालभडक करून आल्या. आता पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टॉवेल. हे लिहीपर्यंत सव्वा वर्ष झालंय, स्कॅन स्थिर आहेत. आजार बरा झालेला नाही आणि हे काकूंना माहीत आहे, आधी लपवलं होतं, नंतर मुलीने सांगितलं. मुलीची भीती वेगळीच होती, आपल्याला पण असेल का. हा बदल गाठीतच झालेला असतो, आईकडून येत नाही, हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितल्यावर ती जरा सावरली.

वेगळं काय करता आलं असतं

टीबीच्या गोळ्या सुरू करण्याला माझा आक्षेप नाही, दोन महिने मागे वळून न बघण्याला आहे. तीन-चार आठवड्यांत वजन वाढत नाही, दम कमी होत नाही, आणि टीबी पक्का सिद्धही झालेला नाही, तर तेव्हाच सीटी व्हायला हवा होता. आणि पहिल्याच वेळी भरपूर पाणी सेल ब्लॉकला गेलं असतं तर कदाचित सुईची बायोप्सीसुद्धा टळली असती.

बायोप्सीच्या फॉर्मवर "फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा वाटतोय, टिश्यू मॉलिक्युलरसाठी (जीनच्या टेस्टसाठी) राखून ठेवा" एवढी ओळ असती तर पॅथॉलॉजीवाल्यांनी यादी आखूड केली असती. त्यांना फॉर्मवर फक्त "गाठ, उजवी बाजू" एवढंच लिहून आलं होतं, मग ते तरी काय करणार. आणि मणक्यातून बायोप्सी घ्यायचा विचार मध्ये एकाने मांडला होता, तो बारगळला ते बरंच झालं, कारण हाड मऊ करायला अ‍ॅसिड वापरलं की डीएनए खराब होतो आणि जीनची टेस्ट फसते. नाइलाजाने हाडच घ्यावं लागलं तर लॅबला आधी सांगून अ‍ॅसिडऐवजी ईडीटीए नावाच्या रसायनाने मऊ करून घ्यायचं.

ईजीएफआर एकट्याने मागवण्याबद्दल. पैसे कमी असतील तर टप्प्याटप्प्याने जाणं मी समजू शकते, पण मग ईजीएफआर, एएलके, आरओएस-वन आणि पीडी-एल-वन एकाच वेळी मागवावं, एकेक करत ब्लॉक कुरतडू नये, कारण दर वेळी ब्लॉक मशीनवर लावताना थोडा टिश्यू नुसता सपाट करण्यातच जातो. पीडी-एल-वनचा रिपोर्ट बहुतेक वेळा लवकर येतो, त्याला रंगाची टेस्ट पुरते, जीनचे रिपोर्ट मागून येतात, आणि सगळा घोळ ह्या मधल्या दिवसांत होतो. त्या दिवसांत काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही हे फाईलवर लिहून घ्या.

एका गोष्टीवर माझं आणि मुलाचं अजून एकमत नाही. त्याचं म्हणणं, रक्तातली टेस्ट त्याच दिवशी पाठवायला हवी होती, पाण्यात काही निघालं नसतं तर चार दिवस फुकट गेले असते. डॉक्टरबाईंनी ती दुसऱ्या फळीत ठेवली होती, खर्च बघून. एएलकेसारखी जोडाजोड रक्तात पकडणं साध्या म्युटेशनपेक्षा अवघड असतं, त्यामुळे मला तो क्रम पटतो. पण पेशंट काकूंपेक्षा जास्त खालावलेला असता आणि काढायला पाणी नसतं, तर मीही त्याच्यासारखंच म्हटलं असतं.

पुढे कधीतरी गोळीचा असर कमी होईल, तेव्हा परत टिश्यू किंवा रक्त तपासून नवीन बदल कुठला झालाय ते बघावं लागेल, जी-१२०२-आर नावाचा बदल निघाला तर लोरलॅटिनिबचा विचार होईल. त्यासाठी सेल ब्लॉक आत्ता कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या नंबरने ठेवलाय ते मुलाने फाईलच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवलंय, आणि रिपोर्टची सगळी पानं, दुसरं धरून, फोनमध्ये स्कॅन केलीयत.